नाशिकची उद्यानं कशी चालतात आणि कुठे अडतात

उद्यानात झोपाळ्याची साखळी तुटते. त्याच आठवड्यात जॉगिंग ट्रॅकवरचे दोन दिवे जातात, बोअरचं पाणी कमी पडायला लागतं आणि कंपाउंडच्या भिंतीला तडा दिसतो. परिसरातले लोक या चारही गोष्टी एकाच अर्जात लिहून उद्यान विभागाला देतात. महिनाभरानं साखळी बदललेली असते, बाकी तीन कामं जागच्या जागी. मग माळ्याला बोलणी खावी लागतात. खरं तर दिवे विद्युत विभागाचे, भिंत बांधकाम विभागाची आणि बोअरचा पंप पाणीपुरवठ्याचा किंवा पुन्हा विद्युतचा. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि कुठल्या तरी फायलीत झोपतो.

शहरातली बाग बांधली जाते एका पैशातून आणि जगवली जाते दुसऱ्या पैशातून. पहिला पैसा दिसतो, त्याचं उद्घाटन होतं, कोनशिला बसते. दुसरा महिन्यामहिन्याला थोडा थोडा लागतो, त्याची बातमी होत नाही आणि अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा आधी तोच कमी होतो. नाशिकमधल्या बहुतेक सुकलेल्या बागांचं कारण या फरकात सापडतं. म्हणून जागेपासून सुरुवात करून पंपाच्या बटणापर्यंत सगळी साखळी इथे उलगडून मांडली आहे.

जागा येते कुठून

बागेची जागा महापालिकेकडे साधारण दोन वाटांनी येते. पहिली वाट शहर विकास आराखड्याची. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आराखडा करताना उद्यान, क्रीडांगण, शाळा, दवाखाना अशी आरक्षणं नकाशावर टाकली जातात. नाशिकचा सुधारित आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. आरक्षण टाकलं म्हणजे जागा मिळाली असं मात्र नाही. जमीन खासगी मालकाचीच असते. ती तीन प्रकारे ताब्यात येते: वाटाघाटीनं पैसे देऊन, पैशांऐवजी टीडीआर म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क देऊन, किंवा भूसंपादन कायद्यानं.

इथे कलम १२७ लक्षात ठेवण्यासारखं आहे. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची कारवाई सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. नकाशावर हिरवा दिसणारा तुकडा मग मालकाला शेजारच्या वापराप्रमाणे विकसित करता येतो. मोक्याच्या जागेवरचं उद्यान असं हातातून गेलं की त्या वस्तीत पुन्हा तेवढी जागा मिळत नाही. त्यामुळे आपल्या भागातल्या आरक्षणाची १० वर्षं कधी भरतात, हे तिथल्या रहिवाशांनी नगररचना विभागाकडून लेखी माहीत करून घ्यावं. २०१७ च्या आराखड्यातल्या आरक्षणांची १० वर्षं २०२७ मध्ये भरतात.

दुसरी वाट ले-आउटची. जमिनीचे प्लॉट पाडताना क्षेत्र ०.४ हेक्टर म्हणजे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर किमान १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. नाशिकमध्ये सगळे तिला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. गंगापूर रोड, इंदिरानगर, म्हसरूळ, पाथर्डी फाटा इथल्या कॉलन्यांमधल्या बहुतेक छोट्या बागा अशाच जागांवर आहेत. चार हजार चौरस मीटरच्या ले-आउटमध्ये ही जागा ४०० चौरस मीटर, म्हणजे २० मीटर बाय २० मीटर. एवढ्यात बाग, ग्रीन जिम, मंदिर आणि समाजमंदिर असं सगळं बसवायचा आग्रह होतो आणि शेवटी झाडांना जागा उरत नाही. शिवाय ही जागा त्या ले-आउटमधल्या सगळ्या प्लॉटधारकांच्या सामाईक वापरासाठी असते. ती महापालिकेच्या ताब्यात कागदोपत्री आली आहे की नाही, यावर तिथे महापालिकेचा पैसा खर्च होणार का हे ठरतं. ‘आमच्या बागेत माळी का येत नाही’ या प्रश्नाचं उत्तर कित्येकदा एवढंच असतं की हस्तांतरणाचा कागद झालेला नाही.

एकूण किती जागा लागते याचा अंदाज घेऊ. केंद्राच्या नागरी नियोजनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. नाशिकची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या १४ लाख ८६ हजार. दहा चौरस मीटरनंच गुणलं तरी १,४८६ हेक्टर होतात, शहराच्या सुमारे २६० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. लोकसंख्या तेव्हापासून बरीच वाढली आहे. म्हणून आरक्षणाचा एकेक तुकडा महत्त्वाचा.

कोणतं उद्यान कोणाचं

नाशिकमधली प्रत्येक हिरवी जागा महापालिकेची नाही. पांडवलेणीच्या पायथ्याशी दोन ठिकाणं शेजारी शेजारी आहेत: फाळके स्मारक महापालिकेचं, तर पंडित जवाहरलाल नेहरू वनोद्यान वन विकास महामंडळाचं. हिरावाडीचं विभागीय क्रीडा संकुल राज्याच्या क्रीडा खात्याचं. देवळाली कॅम्पात छावणी मंडळाचा कारभार. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या मोकळ्या जागांचं आधी एमआयडीसीकडे विचारावं लागतं. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावरची देवराई वनखात्याच्या जमिनीवर, स्वयंसेवकांच्या श्रमातून उभी राहिलेली. चुकीच्या दारात दिलेला अर्ज वाया जातो, म्हणून पहिली चौकशी जागेच्या मालकीची.

महापालिकेचा कारभार सहा विभागांत चालतो: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि नवीन नाशिक म्हणजे आपला सिडको. झाडं, लॉन, माळी ही उद्यान विभागाची बाजू. भिंत, ट्रॅक, कारंज्याचा हौद, स्वच्छतागृह बांधकाम विभागाचं. खांब, दिवे, मोटारीचं पॅनल विद्युतचं. कचरा उचलणं घनकचरा व्यवस्थापनाचं. जागेवर अतिक्रमण झालं तर तो विषय आणखी वेगळा. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं आलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं ही शहरी सुविधा म्हणून नगरपालिकांच्या कामांत धरलेली आहेत. पण त्या एका ओळीचं काम खाली पाच-सहा टेबलांवर वाटलं जातं आणि संपूर्ण बागेकडे एक बाग म्हणून पाहणारा माणूस बहुतेक वेळा नसतो.

पैसा आणि ठेका

बाग बांधायचा खर्च भांडवली, ती राखायचा खर्च महसुली. काम निघतं ते असं: कनिष्ठ अभियंता किंवा उद्यान निरीक्षक दरसूचीवरून अंदाजपत्रक करतो, त्याला तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळते, तरतूद पाहून ई-निविदा निघते, दर उघडतात आणि मंजुरीनंतर कार्यारंभ आदेश म्हणजे वर्क ऑर्डर दिली जाते. झालेल्या कामाची मापं मोजमाप पुस्तिकेत लिहिली जातात. सगळे तिला एमबी म्हणतात. एमबीवरूनच बिल निघतं. पुढे दोष दायित्वाचा काळ असतो. त्या काळात काम बिघडलं तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचं. हा काळ किती आहे हे वर्क ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं आणि तो संपायच्या आत बिघाड लेखी कळवला नाही, तर दुरुस्तीचा खर्च पुन्हा आपल्याच करातून होतो. नव्या बागेत आल्या आल्या ही एक तारीख शोधून ठेवावी.

देखभालीचा ठेका इथे सगळ्यात नाजूक. त्यात ‘उद्यानाची देखभाल करणे, प्रतिमाह’ एवढीच नोंद असेल तर ठेकेदार आठवड्यातून दोनदा माणूस पाठवतो, गवत कापतो, बिल लावतो. त्याला चूक म्हणायला कागदावर आधार नसतो. चांगल्या करारात काम मोजता येईल असं लिहिलेलं असतं. लॉनची उंची पाच सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही; पावसाळ्यात दर दहा दिवसांनी आणि हिवाळ्यात गरजेप्रमाणे कापणी; आळी महिन्यातून एकदा खुरपायची; शेणखत वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी किती घनमीटर ते आकड्यात; मेलेलं रोप पंधरा दिवसांत बदलायचं; माणूस गैरहजर असेल तर दिवसाला ठरलेली कपात. याबरोबर हजेरी आणि भविष्य निर्वाह निधीचा भरणा दाखवल्याशिवाय बिल नाही, ही अट हवी. मजुरी बुडवली जाते तिथे माळी टिकत नाही आणि बागेला माणसं सतत बदलणं सोसत नाही. कुठलं झाड कमी पाण्यावर भागवतं, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं हे त्याच माणसाला ठाऊक असतं.

लॉन, कुंपणाची झुडपं आणि मोठी झाडं असलेल्या एक एकर बागेला एक पूर्णवेळ माळी हा ढोबळ हिशेब. एकाच माणसाकडे तीन-चार बागा दिल्या की तो फक्त पाणी देतो, बाकी काही होत नाही. निविदेत दर अंदाजपत्रकापेक्षा फारच खाली गेला असेल तर सावध व्हावं. बागेच्या देखभालीत सामान थोडं आणि मजुरीच जास्त असते. दर खाली आला की माणसंच कमी होतात.

देखभालीचा आणखी एक मार्ग बाग एखाद्या कंपनीला दत्तक देण्याचा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि पर्यावरण त्यात बसतं. सातपूर-अंबडसारखी औद्योगिक वसाहत शेजारी असताना हा मार्ग नाशिकला सोयीचा. करारात मात्र वर्षं, पाणी-विजेचं बिल कोण भरणार, फलक किती मोठा आणि कंपनी मध्येच थांबली तर काय, हे स्पष्ट हवं. नाहीतर पहिल्या वर्षी हिरवळ आणि तिसऱ्या वर्षी नुसता फलक उरतो.

मातीखाली काय आहे

नाशिकच्या बऱ्याच भागात वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते आणि मार्चपासून आकसून भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेले पेव्हर ब्लॉक दोन पावसाळ्यांत वर-खाली होतात, उथळ पायाच्या भिंतीला तडे जातात. यावर उपाय जुना आणि माहितीतला आहे: ट्रॅकखालची काळी माती ४५ ते ६० सेंटिमीटर उकरून काढायची, मुरूम थरांनी भरायचा, प्रत्येक थर १५ सेंटिमीटरचा, पाणी मारून रोलरनं दाबायचा. वरचा उतार दोन टक्के, म्हणजे मीटरला दोन सेंटिमीटर, आणि कडेला पाणी जायला चर. ही खुदाई आणि भर काम झाल्यावर दिसत नाही, म्हणून चोरी इथेच होते. परिसरातल्या कोणी तरी भर टाकताना टेपनं खोली मोजून तारखेसह फोटो काढून ठेवला, तर पुढच्या दहा तक्रारी वाचतात.

चालायला-पळायला मुरमाचा दाबलेला ट्रॅक गुडघ्यांना पेव्हरपेक्षा बरा. त्याचं मागणं मात्र नियमित आहे. उन्हाळ्यात रोज हलकं पाणी, नाहीतर धूळ उडते. पावसाळ्यानंतर वाहून गेलेल्या मुरमाची भर आणि रोलर. कृषीनगरसारख्या वर्दळीच्या ट्रॅकवर हे वेळेवर झालं नाही की पंधरा दिवसांत खळगे पडतात. देखभालीला माणूस मिळत नाही म्हणून सरसकट पेव्हर टाकणं ही सोय झाली, ती चालणाऱ्यांच्या पायांवर येते.

पाण्याचा हिशेब

एप्रिल-मे महिन्यात लॉनला दिवसाला साधारण चार ते सहा लिटर पाणी लागतं, दर चौरस मीटरला. एक एकराच्या बागेत निम्मी, म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर लॉन असेल तर पाच लिटरनं दहा हजार लिटर रोज. हा एक मोठा टँकर. पाऊण इंची पाइपातून मिनिटाला २५ ते ३० लिटर पाणी येतं. म्हणजे तेवढ्या लॉनला हातानं पाणी द्यायला माळ्याचे सहा तास जातात. खुरपणी, छाटणी, साफसफाई यांना मग वेळच उरत नाही. बागेत माळी दिसतो पण काम दिसत नाही, त्याचं हे साधं गणित आहे.

आता झाडांचा हिशेब. शंभर तरुण झाडांना तीन दिवसांतून एकदा वीस लिटर दिलं तर सरासरी रोज सातशे लिटरही होत नाहीत. तीन पावसाळे काढलेल्या कडुनिंब, करंज, बहाव्याला पुढे फारसं पाणी द्यावंच लागत नाही. ज्या शहरात पाऊस साधारण ७०० मिलिमीटर आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, तिथे बागेचा मोठा भाग लॉनखाली ठेवणं परवडणारं नाही. लॉन हवंच, मुलांना लोळायला, म्हाताऱ्यांना बसायला. पण ते एका जागी, ऊन किमान पाच-सहा तास पडेल तिथे. झाडाच्या दाट सावलीतलं लॉन कितीही पाणी घातलं तरी विरळ होतं. तिथे पालापाचोळ्याचा थर किंवा सावलीत वाढणारी जमिनीलगतची झाडी लावावी.

लॉनला स्प्रिंकलर आणि झाडांना ठिबक बसवली तर माळ्याचे तास मोकळे होतात. बिघाड ठरलेले आहेत: फिल्टर चोंदतो, ठिबकचे तोंड क्षारानं बंद होतं, स्प्रिंकलरचं डोकं चेंडू लागून तुटतं आणि मे महिन्यात बोअरची पातळी खाली गेल्यावर कोरडा चालून पंप जळतो. पॅनलमध्ये कोरड्या पंपाला थांबवणारा रिले बसवला की पंप वाचतो. पाणी सकाळी आठच्या आत द्यावं, दुपारी दिलेलं बरंच उडून जातं.

पिण्याचं पाणी बागेला घालणं थांबवायचं तर दुसरा साठा आपल्याकडे आहे. तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर इथे महापालिकेची मलजलशुद्धीकरण केंद्रं आहेत. तिथलं प्रक्रिया केलेलं पाणी टँकरनं किंवा वेगळ्या नळानं बागांना देता येतं. मुलं खेळतात तिथे ते फवाऱ्यानं उडवू नये, ठिबकनं किंवा आळ्यात सोडावं आणि नळावर ‘पिण्यायोग्य नाही’ असा ठळक फलक असावा.

कारंजी हा वेगळा ताप. पंप चालू असतो तोवर ठीक, बंद पडला की हौदात पाणी साचतं आणि डासांची पैदास होते. डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास ही वाटचाल आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. म्हणून बंद कारंज्याचा हौद आठवड्याला एकदा कोरडा करायचा, किंवा सरळ माती भरून फुलझाडं लावायची. दुसरा पर्याय बहुतेक ठिकाणी शहाणपणाचा आहे.

खेळणी: इथे चूक चालत नाही

बागेतल्या बाकी बिघाडांनी गैरसोय होते, खेळण्याच्या बिघाडानं मूल जायबंदी होतं. म्हणून याची तपासणी नुसत्या नजरेनं भागत नाही.

पहिली गोष्ट खालची जमीन. घसरगुंडी आणि झोपाळ्याखाली काँक्रीट, पेव्हर किंवा टणक माती असता कामा नये. स्वच्छ वाळूचा ३० सेंटिमीटर थर किंवा जाड रबरी मॅट हवी. वाळू पायांनी बाजूला सरकते, झोपाळ्याखाली खड्डा पडतो, म्हणून दर आठवड्याला दाताळ्यानं सारखी करायची आणि वर्षाला भर घालायची. दुसरी गोष्ट मोकळी जागा. झोपाळ्याचा आडवा दांडा जितका उंच त्याच्या दुप्पट अंतर पुढे आणि तेवढंच मागे रिकामं हवं. दांडा २.४ मीटरवर असेल तर दोन्ही बाजूंना ४.८ मीटर. आपल्या कित्येक ओपन स्पेसमध्ये झोपाळा भिंतीला खेटून असतो आणि पुढून ट्रॅक जातो, हे धोक्याचं आहे. एका चौकटीत दोनच झोपाळे.

तिसरी गोष्ट फटी. कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर नऊ ते तेवीस सेंटिमीटरच्या दरम्यान असेल तर लहान मुलाचं शरीर पाय पुढे करून आत जातं आणि डोकं अडकतं. नऊपेक्षा कमी किंवा तेवीसपेक्षा जास्त, असंच अंतर ठेवतात. पट्टी घेऊन कोणीही मोजू शकतं.

मग झीज. साखळीची कडी वरच्या आकड्यापाशी सगळ्यात आधी झिजते, ती झिजलेली दिसली की तुटायची वाट न बघता बदलावी. फायबरची घसरगुंडी उन्हानं फिकी पडते, पुढे तिचे तंतू सुटतात आणि कातडीत जातात. पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेला तोंड करून बसवली तर मे महिन्यात दुपारी भाजते. तोंड उत्तरेला किंवा सावलीत हवं. ग्रीन जिमचे बेअरिंग पावसानं गंजतात, त्यांना तीन महिन्यांनी ग्रीस हवं, आणि पायाचे बोल्ट हलतात की नाही ते धक्का देऊन पाहावं. खेळणं दुरुस्त होईपर्यंत नुसती पाटी लावून चालत नाही, झोपाळ्याची पाटली काढून ठेवायची किंवा तो भाग बांधून बंद करायचा.

पावसाळ्याआधीची विजेची तपासणी मी याच यादीत धरतो. खांबाचा खालचा झाकणाचा भाग उघडा असणं आणि तुटकी वायर ओल्या गवतात पडणं, यातून जीव जातात. प्रत्येक खांबाला अर्थिंग आणि पॅनलला ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारं आरसीसीबी हवं. त्याचं चाचणीचं बटण महिन्याला दाबून पाहतात. आरसीसीबी सारखं पडतं म्हणून काढून टाकणं हा गुन्हा समजावा; ते पडतंय याचा अर्थ कुठे तरी गळती आहे.

झाडं आणि कायदा

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, ते आपल्या बंगल्याच्या आवारातलं असलं तरी. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला. परवानगीच्या प्रक्रियेत नोटीस वर्तमानपत्रात येते, झाडावरही लागते आणि हरकतींसाठी थोडेच दिवस असतात. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं काढण्याचा प्रस्ताव २०२५ च्या अखेरीस पुढे आला, तेव्हा नाशिककर हरकती घेऊन उभे राहिले ते याच वाटेनं.

बागेतली झाडं मरतात ती बहुधा कुऱ्हाडीनं नाही. बुंध्याभोवती काँक्रीट किंवा पेव्हर अगदी खोडापर्यंत नेतात आणि मुळांना हवा-पाणी मिळत नाही. सगळ्या बाजूंनी किमान एक मीटर माती मोकळी हवी. लोखंडी ट्री गार्ड तीन-चार वर्षांनी काढला नाही तर खोडात रुततो. खिळे, दिव्यांच्या माळा, दोऱ्या यांचंही तेच. नवं रोप लावताना खड्डा शक्यतो मीटर बाय मीटर. काळ्या मातीत तळाशी मुरूम मिसळावा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी तुंबून मूळ कुजतं. गुलमोहर, पेल्टोफोरमसारख्या ठिसूळ फांद्यांच्या झाडांची छाटणी वळवाच्या वाऱ्याआधी, एप्रिलपर्यंत उरकलेली बरी. आणि पालापाचोळा जाळायचा नाही. एका कोपऱ्यात मीटरभर खोल खड्डा, थर देऊन ओलावा ठेवायचा, पंधरा दिवसांनी उलटायचा. तीन-चार महिन्यांत खत तयार.

गोदाकाठ

नदीकाठच्या बागेचे नियम वेगळे. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला की काठाचं काय होतं हे नाशिककराला सांगायला नको. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांनी काठ धुऊन काढला आणि गोदापार्कवर झालेल्या बांधकामाची मोडतोड झाली. पाणी पेव्हरखालची रेती उपसतं, मग ब्लॉक सुटतात. रेलिंगला झाडंझुडपं आणि प्लॅस्टिक अडकून तिचा बांध होतो आणि ती मुळासकट जाते. निळ्या रेषेच्या आत काढता येणारी बाकं, जाळीत भरलेल्या दगडांचे उतार, वाळा आणि वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ अशी काठाचीच झाडं टिकतात. तिथे शोभेचं महागडं काम करणं म्हणजे दर काही वर्षांनी तोच खर्च पुन्हा करणं.

मैदान आणि तलाव

गोल्फ क्लबचं मैदान, कागदावरचं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, एकाच वेळी चालणाऱ्यांचं, क्रिकेटचं आणि सभांचं आहे. इथे रणजी सामने झाले आहेत. सभा किंवा प्रदर्शन झालं की मंडपाच्या खांबांचे खड्डे, खिळे, खडी मागे राहते आणि ट्रकच्या वजनानं जमीन दाबली जाते. ती पूर्ववत व्हायला पाणी, टोचणी आणि तीन-चार आठवड्यांची विश्रांती लागते. भाड्यासोबत पुरेशी अनामत घेतली, आधीचे आणि नंतरचे फोटो ठेवले आणि दोन कार्यक्रमांत अंतर सोडलं तरच मैदान राहतं.

जलतरण तलाव सगळ्यात खर्चिक. ५० बाय २५ मीटरच्या, सरासरी दोन मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावतं. ते गाळून फिरवायला पंप तासन्‌तास चालतात. मोकळा क्लोरीन लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ७.२ ते ७.८ ठेवतात. पीएच साडेसात असताना क्लोरीनचा अर्ध्याच्या आसपास भागच जंतू मारतो, आठला गेला की पाव. म्हणून पाणी हिरवट दिसलं की नुसता क्लोरीन ओतण्यात अर्थ नसतो, आधी पीएच पाहावा. डोळे चुरचुरणारा उग्र वास क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो, घाम-लघवीशी त्याचा संयोग झाल्याचा असतो. तलावात उतरण्याआधी शॉवरची सक्ती यासाठीच. सावरकर तलाव असो की नाशिकरोडचा जिजाऊ तलाव, दारावर त्या दिवसाचा क्लोरीन-पीएच लिहिलेला फळा लावणं सहज शक्य आहे आणि सदस्यांनी तो मागावा.

तक्रार कशी द्यावी

एका बिघाडाला एक तक्रार. महापालिकेच्या ई-कनेक्ट ॲपवर फोटो, खांबाचा किंवा जागेचा क्रमांक आणि तारीख टाकून, योग्य खातं निवडून. ‘बागेची दुरवस्था’ असं लिहू नये. ‘पूर्वेकडून तिसऱ्या खांबाचं झाकण उघडं, वायर बाहेर’ असं लिहावं. टोकन क्रमांक जपून ठेवावा. काम न होता तक्रार बंद झाली तर त्याच क्रमांकाचा दाखला देऊन विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

नवं काम हवं असेल तर मागणी नोव्हेंबर-डिसेंबरच्या आत पोचली पाहिजे, कारण अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं आणि त्यात कामाला शीर्ष म्हणजे खर्चाचं खातं नसेल तर वर्षभर पैसा निघत नाही. मागणी करतानाच पुढच्या देखभालीची तरतूद कोणत्या शीर्षाखाली, हेही विचारावं.

ठेक्याबद्दल शंका असेल तर माहितीचा अधिकार. अर्जाला दहा रुपये, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत, उत्तर ३० दिवसांत. प्रश्न ‘का’नं सुरू करू नयेत, कागद मागावेत: देखभालीची वर्क ऑर्डर, तिच्या अटी-शर्ती, मागच्या तीन महिन्यांची बिलं, हजेरी आणि मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं. ती हातात आल्यावर बागेत जाऊन मापं ताडून पाहायची. तफावत दिसली तर उद्यान, बांधकाम आणि विद्युत या तिन्ही खात्यांच्या अभियंत्यांची एकत्र पाहणी एकाच दिवशी मागावी. पाहणीला परिसरातले दोघे-तिघे हजर राहावेत, कोणतं काम कोणाचं आणि कधीपर्यंत हे तिथल्या तिथे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि त्या कागदाची प्रत बागेच्या फलकावर लावावी.